‘पारंपरिक’ लिहून मोकळे झालो

गाणं अपलोड करायला आम्हाला सव्वा तास लागला. त्यातली पन्नास मिनिटं कव्हरच्या चित्रात गेली, कारण ते 3000 बाय 3000 पिक्सेलचं लागतं आणि आमचं बसेना. नावांच्या रकान्यांना दहा मिनिटं पुरली. मुख्य कलाकार, संगीतकार, गीतकार, निर्माता. गीतकारासमोर मी ‘पारंपरिक’ टाइप केलं आणि पुढच्या पानावर गेले. या लेखात जे काही आहे त्यातलं बरंचसं त्या दहा मिनिटांमुळे घडलं.

आधी प्रकल्प काय होता ते सांगते. छत्रपती संभाजीनगरला माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला शंभर गुणांचा गट-प्रकल्प असतो. आमच्या गटाने विषय घेतला: एका स्थानिक बँडचं एक गाणं रेकॉर्डिंगपासून प्रसिद्धीपर्यंत न्यायचं आणि शेवटी त्याचा अहवाल द्यायचा. आम्ही चौघं होतो. एकाकडे ध्वनी, एकाकडे कॅमेरा, एका मुलीकडे हिशेब आणि वेळापत्रक, माझ्याकडे प्रसिद्धी आणि अहवाल. बँड चार पोरांचा. गिटार, बेस, काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि गायक. भीमजयंतीचे स्टेज, गणपती मंडळं, कॉलेजांची गॅदरिंगं एवढाच त्यांचा अनुभव, पण तयारी चांगली. गायक केज तालुक्यातला. त्याचे मामा अंबाजोगाईजवळच्या एका गावात राहतात आणि चाळीसेक वर्षं गोंधळ घालतात. मामांच्या गोंधळातलं एक पद घ्यायचं, त्याला बँडची साथ द्यायची, अशी कल्पना गायकाची. आम्हाला ती ऐकताक्षणी आवडली, आणि खरं सांगायचं तर त्यातलं ‘मुळांकडे परत’ वगैरे जे अहवालात छान दिसेल ते आम्हाला जास्त आवडलं.

रेकॉर्डिंग एप्रिल 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात झालं. स्टुडिओचं तासाचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून सिडकोत एका मित्राच्या घरातली वरची खोली घेतली. भिंतींना त्याच्या आजीच्या वाकळा टांगल्या. जाड, चार-पाच थरांच्या, जुन्या लुगड्यांच्या. आवाज घुमू नये म्हणून बाजारात जे फोमचे पट्टे विकत मिळतात, त्यांच्यापेक्षा त्या खोलीत वाकळांनी चांगलं काम केलं. फक्त खोलीला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्राला, म्हणजे इंटरफेसला, दोनच माइक जोडता येत होते. एक मामांच्या आवाजाला, एक संबळाला. तुणतुणं वाजवणारे मामांचे साथीदार, त्यांना सगळे तात्या म्हणतात, तेच मागून झील धरत होते. त्यांच्यासाठी माइक उरला नाही. त्यांचं तुणतुणं दोन्ही माइकमध्ये आपसूक शिरलं आणि नंतर ते कुठूनच काढता आलं नाही. आज ऐकताना वाटतं, बरं झालं.

पहिली अडचण कूलरची. टेक चालू असताना पंखा बंद, कूलर बंद. बाहेर चाळीसच्या पुढे. दोन टेकच्या मध्ये दहा मिनिटं कूलर लावायचा, घाम पुसायचा, पुन्हा बंद. तिसऱ्या टेकनंतर ध्वनीवाला मित्र हेडफोन काढून म्हणाला, संबळ प्रत्येक वेळी वेगळा वाजतोय. मामांना आम्ही विचारलं नव्हतं, पण त्यांनीच उत्तर दिलं. ‘त्या कूलरच्या वाऱ्यात पाणी हाय. चामडं ढिलं पडायलंय.’ ते उठले, संबळ गच्चीवर उन्हात ठेवून आले आणि बिडी ओढत बसले. पाच मिनिटांनी आणला तेव्हा तो खणखणीत वाजत होता. त्यानंतर कूलर बंदच ठेवला. दोन मोठी भांडी, त्यांवर ताणलेलं चामडं, एक सरळ काडी आणि एक टोकाला वाकवलेली काडी. या वाद्याला हवामान किती कळतं, हे आमच्या साडेसातशे रुपये भाड्याच्या माइकला त्या दिवशी प्रथम समजलं.

दुसरी अडचण सुराची. मामांचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी. तुणतुणं त्यांच्या गळ्याला लावलेलं, गिटार ट्यूनरला लावलेली. आमच्या ध्वनीवाल्याचा पहिला विचार मामांचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये ओढून जवळच्या पट्टीवर बसवायचा. त्याने एक ओळ तशी करून ऐकवली. मामा ऐकून हसले आणि म्हणाले, ‘ह्यो कोन गायलाय?’ शेवटी उलटं केलं. गिटार आणि बेस तीस सेंट वर चढवले. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर हा फरक एक तृतीयांशापेक्षाही कमी, पण तेवढ्याने गाणं जागेवर आलं.

तिसरी अडचण लयीची, आणि तिच्यात आमचा अर्धा दिवस गेला. बँडची सवय कानात टिकटिक लावून वाजवायची. मेट्रोनोम 96 वर ठेवला. मामा दोन ओळी नीट यायचे आणि मग गोंधळ चढायला लागला की लयही चढायची. ती चूक नाही, गोंधळाची चालच तशी आहे, हे गायकाला माहीत होतं. पण आम्ही अकरा टेक होईपर्यंत त्यांना टिकटिकीला बांधायचा प्रयत्न केला. बाराव्याला मामांनी हेडफोन काढून पलंगावर ठेवला. ‘हे घड्याळ तुमचं तुम्ही ऐका.’ मग ठरलं की मामा आणि तात्या आधी एका दमात पूर्ण पद घेतील, बँड नंतर त्यांच्या मागून वाजवेल. काहोनवाल्या पोराला हे फार जड गेलं. पण त्याने त्या टेकवर तीन दिवस रियाज केला आणि शेवटी चढत्या लयीला असा चिकटला की वेगळा कळत नाही.

त्या बाराव्या टेकमध्ये आणखी एक गोष्ट घडली. मित्राची आजी चहा घेऊन वर आली होती. टेक चालू आहे म्हणून ती आत न येता उंबऱ्यावरच बसली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पहिला अंतरा झाल्यावर तालमीत कधीच न ऐकलेला एक अंतरा म्हटला:

लाल मिलोची भाकर, खडीवर माय गेली
अंबे, तुझी परडी गं औंदा रिकामी राहिली

आजीने हात हलवला आणि बांगड्या वाजल्या. तो आवाज आजही गाण्यात आहे, दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी, हेडफोन लावून ऐकलं तर. टेक संपल्यावर ध्वनीवाला म्हणाला, ‘भारी होतं, हाच ठेवू.’ माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘दुसरा अंतरा — नवीन?’ पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह वहीतच राहिलं. मी मामांना विचारलं नाही. ते समोर बशीत चहा ओतून पीत होते.

मिक्सिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकच मूर्खपणा नोंदवते. गाणं इतरांसारखं मोठं वाजावं म्हणून आम्ही आवाज दाबून उणे सात एलयूएफएसपर्यंत (गाणं किती मोठं वाजतं ते मोजायचं माप) नेला. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाण्यांची पातळी साधारण उणे चौदाच्या आसपास आणतात, म्हणजे आमचं गाणं त्यांनी आपोआप खाली ओढलं. मोठं वाजलं नाहीच, वर संबळाची धार गेली. दुसऱ्यांदा केलं तेव्हा उन्हात तापवलेला तो खणखणीतपणा परत आला.

आता प्रसिद्धी. माझी योजना वीस पानी होती आणि तिच्यातला श्रोता पुण्या-मुंबईतला, अठरा ते पंचवीस वयाचा, ‘इंडी’ ऐकणारा होता. हा माणूस मी कधी पाहिलेला नाही. त्याच्यासाठी प्रदर्शनाचा दिवस ठरला शुक्रवार, 2 मे 2025, कारण नवी गाणी शुक्रवारी येतात असं सगळीकडे वाचलं होतं. अपलोड झालं 28 एप्रिलला. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रदर्शनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं, म्हणजे ते निदान अनुसरणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत तरी पोहोचतं. आमच्याकडे चार दिवस होते. संधी गेली, आणि मला तेव्हा त्याचं फार वाईट वाटलं. आता वाटत नाही. बँडला अनुसरणारे लोक बत्तीस होते, त्यातले निम्मे आमच्याच वर्गातले.

पहिल्या आठवड्यात यूट्यूबचा आलेख पाहिला. लोक पहिल्या वीस सेकंदांतच निघून जात होते. कारण उघड होतं. गाणं आवाहनाने सुरू होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, असं एकेकाचं नाव घेऊन गोंधळाला यायचं बोलावणं. 47 सेकंद. संबळ नंतर येतो. गटात भांडण झालं. मी म्हणत होते आवाहन कापा, गायक म्हणत होता देवाला न बोलावता गोंधळ होत नसतो. मला वाटलं मामा गायकाची बाजू घेणार. आम्ही फोन स्पीकरवर लावला.

मामा म्हणाले, ‘माय, यजमानाला घाई असली की मी पाच देवांतच उरकतो. कापायचं काय भ्याव नाही. पर त्याचं कुलदैवत सोडायचं नसतंय. तेवढं सोडलं तर घरची म्हातारी दारातून वापस लावती. तुमच्या गाण्याचा यजमान कोन हाय?’

मी म्हटलं, ऐकणारे.

‘मग त्यायचं कुलदैवत कोनतं?’

माझ्या वीस पानांत याचं उत्तर नव्हतं. त्या फोननंतर जे केलं ते साधं होतं. आवाहनाचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एकच देव, वीस-पंचवीस सेकंद, मग सरळ संबळ. तुळजापूरचा वेगळा, माहूरचा वेगळा, अंबाजोगाईचा वेगळा. मामांनी आणखी दोन नावं सुचवली, ती गाण्यात नव्हती, म्हणून ती त्यांनी फोनवरच म्हणून पाठवली. व्हॉट्सअॅपवर आलेल्या त्या आवाजाला आम्ही तसाच वापरला. हे तुकडे इन्स्टाग्रामवर थोडे चालले. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर मात्र ते कुठल्या कुठे गेले. ते आम्हाला मोजता येत नाही. आम्हाला कळलं ते असं की गटातल्या मुलीच्या मावशीने लोहाऱ्याहून तिलाच माहूरचा तुकडा पाठवला, ‘ऐक, छान आहे’ म्हणून.

मे महिना म्हणजे लग्नसराई. आमच्या दृष्टीने तो परीक्षेचा महिना होता, म्हणून गाणं मेमध्ये आलं. पण लग्नानंतर जागरण-गोंधळ होतो, आणि मामांच्या धंद्याचे दिवस तेच. त्यांनी गाणं पेनड्राइव्हवर मागून घेतलं. गोंधळाला लोक जमेपर्यंत मंडपातल्या साउंडवाल्याकडे द्यायचे. साउंडवाल्यांनी ते एकमेकांना दिलं. अंबाजोगाईहून केजला जाणाऱ्या काळीपिवळीत गायकाने स्वतःचं गाणं ऐकलं. ड्रायव्हरला म्हणाला, हे माझं आहे. ड्रायव्हर म्हणाला, ‘हे गोंधळ्याचं हाय.’ गायकाने हे आम्हाला हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

आकडे हवे असतील तर हे घ्या. तीन महिन्यांत स्पॉटिफायवर 640 वेळा ऐकलं गेलं. 2024 पासून तिथे नियम असा की बारा महिन्यांत एखादं गाणं 1,000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचं मानधन मोजलंच जात नाही. म्हणजे शून्य रुपये. यूट्यूबवर अकरा हजारांच्या आसपास. एकूण खर्च 11,400 रुपये, त्यातले सगळ्यात जास्त मामा-तात्यांच्या प्रवासाला आणि जेवणाला, आणि ते बरोबरच होतं.

आता मूळ घोळाकडे येते.

मेच्या मध्यात मामांच्या जावयाचा फोन आला. तो मामांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. त्याने मामांचे फोटो जोडून खाली आमचं गाणं लावलं होतं, आणि त्या व्हिडिओवर हक्काचा दावा आला होता. ‘ताई, मामांचा आवाज मामांच्या व्हिडिओला लावायला तुमची परवानगी लागती का?’ आवाजात राग नव्हता, तो खरोखर विचारत होता. मी म्हटलं, आम्ही काहीच केलं नाही. मग फॉर्म उघडून पाहिला. केलं होतं. गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘यूट्यूबवर या ध्वनीचा शोध घेऊन हक्क नोंदवावा का’ अशी एक चौकट असते. आमच्या हिशेबवालीने पैसे येतील म्हणून ती टिक केली होती. त्यानंतर यंत्रणा आपलं काम करते. कुठेही तो आवाज सापडला की दावा लागतो, समोर कोण आहे हे ती पाहत नाही. जावयाने हरकत घेतली असती तर उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस मिळतात. आम्हीच दावेदार होतो, म्हणून कंपनीला मेल लिहून दावा मागे घ्यायला लावला. नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत जावयाने तो व्हिडिओ काढून टाकला होता. पुन्हा टाकला नाही.

मला वाटलं प्रकरण एवढंच आहे. अहवालात ‘आव्हाने’ या भागात दोन ओळी लिहिल्या आणि तोंडी परीक्षेला गेलो.

बाहेरून आलेले परीक्षक साठीच्या जवळचे होते. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं, जे आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी केलं नव्हतं. संपल्यावर अहवालाचं श्रेयनामावलीचं पान काढलं. गीत: पारंपरिक. संगीत: बँडचं नाव. निर्मिती: आमच्या गटाचं नाव. हक्क: आमच्या गटाचं नाव, वर्तुळातला पी आणि वर्तुळातला सी, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आणि कॉपीराइटच्या हक्काच्या खुणा, दोन्ही. मग चष्मा वर करून विचारलं, ‘पारंपरिक गाण्यात मिलो कुठून आली?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मिलो म्हणजे काय हे आमच्यातल्या दोघांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, माझ्या आजीकडून. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची, तिला मिलो म्हणायचे. माणसं खडी फोडायला जायची, पोरांना सुकडी मिळायची. आजी आजही मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. म्हणजे तो अंतरा बहात्तरनंतरचाच. कुणीतरी केलेला. आणि मी तो बाराव्या टेकला ऐकला होता, वहीत लिहिला होता, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

सर पुढे काही बोलले नाहीत. श्रेय आणि हक्क यांसाठी दहा गुण होते, तीन मिळाले. मला विचाराल तर तीनही जास्त होते.

त्या संध्याकाळी मामांना फोन केला. ‘मामा, तो मिलोचा अंतरा कुणाचा?’

‘माझाच हाय की.’

‘सांगितलं नाहीत?’

‘कुनी इचारलंच नाही.’

बहात्तरला ते अकरा-बारा वर्षांचे होते. आई खडीवर जायची. अंतरा त्यांनी पुष्कळ नंतर जुळवला, एका गावात गोंधळ घालताना. तो ते सगळीकडे म्हणत नाहीत. ज्या घरात म्हातारी माणसं समोर बसलेली असतात तिथेच म्हणतात, कारण इतरांना कळत नाही. त्या दिवशी आजी उंबऱ्यावर येऊन बसली नसती तर तो आमच्या गाण्यात आलाच नसता. तालमीत तो का नव्हता, याचं उत्तर इतकं सरळ होतं.

मग मी कायदा वाचायला बसले. हे काम अपलोडच्या आधीचं होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्दांचा कवीला, चालीचा संगीतकाराला, आणि रेकॉर्डिंगचा निर्मात्याला. निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. म्हणजे रेकॉर्डिंगच्या बाबतीत आम्ही पोरंसोरं कायद्याने खरोखरच मालक होतो, आणि बँडला हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं गाणं त्यांचं आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. रेकॉर्डिंगचा प्रसिद्धीपासून साठ वर्षं. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलाकार म्हणून वेगळे हक्क, पन्नास वर्षांचे, म्हणजे तुणतुण्यावरच्या तात्यांनाही. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चाल करणाऱ्याने आपला हक्क दुसऱ्याला दिला तरी मानधनातला वाटा सहसा सुटत नाही. मूळ पद जुनं, त्यावर कुणाचाच हक्क नाही, हे खरं. पण त्या अंतऱ्याचा कवी अंबाजोगाईजवळ जिवंत होता आणि आम्ही त्याच्या नावाच्या जागी ‘कुणीच नाही’ या अर्थाचा शब्द लिहिला होता.

मला एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ‘पारंपरिक’ लिहिताना मला वाटत होतं की मी आदर दाखवतेय. परंपरेचं आहे, आमचं नाही, असं. हिंदी-मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत हा शब्द मी शेकडो वेळा पाहिलाय. त्या प्रत्येकामागे कुणी चहा पीत बसलेलं होतं का, असं आता डोक्यात येतं आणि मी ते झटकून टाकते, कारण त्या प्रत्येकाबद्दल मला माहिती नाही. माझ्या एकाबद्दल आहे.

जूनमध्ये आम्ही दुरुस्तीला लागलो. आधी करार. साधा, एक पानाचा, मराठीत. कुणाचं काय, पैसे आले तर कसे वाटायचे, आम्ही चौघांनी रेकॉर्डिंगवरचा हक्क बँड, मामा आणि तात्या यांच्याकडे देऊन टाकायचा. शंभराच्या बॉन्डवर करायचा होता, पण आता कमीत कमी पाचशेचाच लागतो असं कळलं. वकील ओळखीच्या काकांनी चहावर पाहून दिला. सहीसाठी अंबाजोगाईला गेलो तेव्हा मामांनी कागद जावयाकडून मोठ्याने वाचून घेतला. पैशांच्या कलमाला आले तेव्हा विचारलं, ‘आजपस्तोर किती आले?’

मी म्हटलं, स्पॉटिफायचे शून्य, बाकी सगळं मिळून दोनशे एकोणीस रुपये.

तात्या खो-खो हसले. मामा हसले नाहीत. म्हणाले, ‘पैशाचं ऱ्हाऊ द्या. ह्याच्यावर कालेजचा शिक्का भेटंल का?’

तेव्हा कळलं त्यांना काय हवं होतं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला, निवड झाली तर, 2024 पासून दरमहा 5,000 रुपये. त्यासाठी अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात. कार्यक्रमांची पत्रं, प्रमाणपत्रं, बातम्यांची कात्रणं. मामांनी चाळीस वर्षं गोंधळ घातला तो लोकांच्या अंगणात, आणि अंगण प्रमाणपत्र देत नाही. त्यांच्याकडे दोन कागद होते, त्यातला एक ग्रामपंचायतीचा, भिजलेला. एप्रिलमध्ये भाच्याने ‘कॉलेजची पोरं रेकॉर्डिंग करायला बोलावतात’ म्हटल्यावर ते चार-पाच तासांचा प्रवास करून उन्हात आले होते, ते याच आशेने. आणि आमच्या अहवालाच्या 62 पानांत त्यांचं नाव आभाराच्या पानावर एकदा होतं, तेही ‘मामा’ म्हणून.

रकाने बदलायला कंपनीला आणखी तीन आठवडे लागले. आता गीतकारासमोर मूळ पदासाठी पारंपरिक आणि त्यापुढे मामांचं पूर्ण नाव आहे. कलाकारांत तात्या आहेत. टिकची चौकट काढली. नवरात्रात, 22 सप्टेंबरला घट बसतात तेव्हा, नव्या नावांसह पुन्हा तुकडे टाकायचे ठरलं होतं. पण त्याच दिवसांत मराठवाड्यात पाऊस असा झाला की नद्या शेतात शिरल्या. गायकाच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं. कुणालाच काही टाकावंसं वाटलं नाही, आणि आम्ही टाकलं नाही.

विभागाच्या पत्रासाठी मी चार चकरा मारल्या. पहिल्या मसुद्यात कारकूनबाईंनी ‘सहभाग घेतला’ असं लिहिलं होतं. मी ते खोडून ‘गायन, संबळवादन आणि गीतलेखन केले’ असं करून घेतलं. ‘गीतलेखन’ला त्या अडल्या. म्हणाल्या, ‘गोंधळाची गाणी तर जुनीच असतात ना?’ मी अपलोडचं दुरुस्त पान फोनवर उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं, पत्रावरच्या नावाशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आधारवर वडिलांचं नाव वेगळं लिहिलंय का? ते बघून घ्या, नाहीतर फाइल परत येईल.’

वेगळं होतं. ऱ्हस्व-दीर्घाचाच फरक, पण होता. पुन्हा कंपनीला मेल केला. फाइल ऑक्टोबरच्या शेवटी गेली आहे. बांगड्यांच्या आवाजासकटचं गाणं पेनड्राइव्हवर घालून तेही तिला जोडलंय, जावयाच्या सांगण्यावरून. समितीवर ऐकायला यंत्र असेल की नाही, कोण जाणे.